जावईबापूंच्या रीलबद्दल

१४ ऑक्टोबर

प्रिय जावईबापू,

आशीर्वाद. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे या वयात जेवढं बरं असावं तेवढे. तुमच्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्याहून जास्त त्या स्वतः कुरकुरतात. तुमच्या दुकानातल्या मलमाची आणखी एक नळी पाठवा, असं त्या इथे शेजारी उभ्या राहून सांगताहेत.

तुम्ही नदीवर मासे पकडायला शिकणार हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. लग्नानंतर आमच्याबरोबर यायचात तेव्हा झाडाखाली पेपर वाचत बसायचात आणि “माशाने तुझं काय घोडं मारलंय?” म्हणून सुतळीला चिडवायचात. तिला सुतळी म्हटलेलं तुम्हाला कधी आवडलं नाही. पण जन्मली तेव्हा खरंच तेवढीशी होती हो. आता तिला जाऊन दोन वर्षं होत आली, पण माझ्या तोंडी दुसरं नाव येत नाही.

तिच्या गळाच्या काठीचं सेंटरपिन रील वापरू का, असं विचारलंत. नका वापरू. ते मी लेथवर स्वतः कातलेलं, तिच्या बोटांच्या मापाने. तुमच्या पंजात ते खेळण्यासारखं दिसेल आणि अंगठा कडेवर नीट बसणार नाही. नवं घ्या. कसं घ्यायचं ते सांगतो.

सेंटरपिनमध्ये काही नसतं, हेच त्याचं मोठेपण. मधोमध एक पिन आणि तिच्यावर मोकळा फिरणारा ड्रम. दातेरी चाकं नाहीत, ब्रेक नाही. ब्रेक म्हणजे तुमचा अंगठा. दुकानदार ड्रमला जोरात टिचकी मारून दाखवेल आणि म्हणेल, बघा, दोन मिनिटं फिरतोय. त्याला भुलू नका. किती वेळ फिरतो याहून किती हलक्या ओढीने फिरायला लागतो ते बघा. तंगूसच्या, म्हणजे गळाच्या दोऱ्याच्या टोकाला शिशाच्या दोन बारीक गोळ्या लावून सोडा. तेवढ्या वजनाने ड्रम आपोआप हलला तर रील चांगलं. नदीचा संथ प्रवाह तेवढ्याच जोराने ओढतो. मग ड्रमची कड दोन बोटांत धरून आत-बाहेर हलवून बघा. खडखड वाजली तर परत ठेवा. पस्तीस वर्षं मी पंपाच्या कारखान्यात टर्नर होतो, ढिली आस कधीही सुधारत नाही हे माझ्याकडून लिहून घ्या.

बेअरिंगवालं घेतलंत तर नवशिक्याला सोपं. नुसत्या पिनवरचं जास्त गोड चालतं, पण ते दर खेपेला पुसायला लागतं, वर हलक्या तेलाचा एक थेंब. एकच. तुम्ही औषधवाले, थेंब मोजणं तुम्हाला शिकवायला नको. ड्रम रुंद नको. तंगूस शंभर मीटरच्या वर भरू नका, नाहीतर वरचे वेढे खालच्यांत रुतून बसतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, की दुसऱ्या ऑपरेशननंतरचे शेवटचे एक्केचाळीस दिवस ती तुमच्याशी का बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून का पडून राहिली, आणि मला काही म्हणाली होती का. आजारी माणसाचं मन, काय सांगणार. औषधांनीही माणूस गप्प होतो. जास्त विचार करू नका.

रील घेतलंत की कळवा.

तुमचे,
बाबा

३ नोव्हेंबर

प्रिय जावईबापू,

आशीर्वाद आणि अभिनंदन. मलम पोचलं. पहिल्याच दिवशी तंगूसचा गुंता झाला, तो कात्रीने कापावा लागला आणि शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने हसत जेवणाचा डबाच उघडला, हे वाचून तुमच्या सासूबाई फार दिवसांनी हसल्या. मी त्यांना ते दोनदा वाचून दाखवलं.

गुंता होतो कारण तुम्ही ड्रमला हाताने फिरवून तंगूस सोडता. तसं नाही करायचं. फ्लोट, म्हणजे तंगूसवरचं तरंगणारं बोंडूक, पाण्यावर ठेवा आणि नदीला ओढू द्या. ओढ लागेल तेवढंच द्यायचं. ड्रम पुढे पळायला लागला की अंगठा नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. मागून वारा असेल त्या दिवशी घरीच थांबा, वारा सैल वेढे उडवून मुठीच्या मागे गुंडाळतो. लांब फेकायच्या भानगडीत आत्ता पडू नका. काठी खालून झुलवून चार हातांवर टाका, पुढचं काम पाणी करतं. पाण्यावर तंगूसचा बाक पडला तर काठीने अलगद उचलून तो फ्लोटच्या मागे आणून ठेवा. आणि मधूनच फ्लोटला जरासं अडवून धरा, म्हणजे गळ पुढे जाऊन वर उचलला जातो. मासा बहुतेक तेव्हाच घेतो. फ्लोट बुडाला की अंगठा घट्ट, काठी वर.

हे पत्र इथे संपवून पाकिटात घातलं होतं. मग पुन्हा फोडलं.

तुम्ही पुन्हा तेच विचारलंत. आणि खाली लिहिलंत की बाबा, माझ्या हातून काय चुकलं ते कळलं तर मला निदान झोप लागेल. या वाक्यानंतर मला गप्प बसता येत नाही.

तुमच्या हातून काही चुकलं नाही. माझ्या हातून चुकलं.

पहिल्या ऑपरेशननंतर ती आठ दिवस आमच्याकडे होती, ते तुम्हाला आठवत असेल. सातव्या दिवशी सकाळी मला म्हणाली, नदीवर नेता का. मी घडीचं स्टूल घेतलं, उशी घेतली. काठी तिला पेलत नव्हती, म्हणून काठी मी धरली आणि रीलवर अंगठा तिने ठेवला. दोन-तीनदा फ्लोट वळणापर्यंत गेला. मग ती पाण्याकडे बघत म्हणाली, “बाबा, मला दुसरं ऑपरेशन नकोय. मला घरी राहायचंय, जेवढे दिवस असतील तेवढे. मी त्यांना सांगू शकत नाही, त्यांचा चेहरा बघवत नाही मला. तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, “सांगतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तिला न्यायला आलात. काखेत फाइल होती. नवे डॉक्टर भेटले, त्यांनी आशा दिली, असं तुम्ही दारातच सांगितलंत. कित्येक दिवसांनी तुम्ही पोटभर जेवलात, वर दुसऱ्यांदा भात मागितलात. सुतळी आत कपडे भरत होती. आपण दोघं जेवणाच्या टेबलाशी अर्धा तास होतो, जावईबापू. मी तुम्हाला गाडीचं टायर कुठे बदललंत ते विचारलं.

तुमचा आनंद मोडवला नाही, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मलाच ती हवी होती. त्या डॉक्टरांच्या आशेवर तुमच्यापेक्षा मी जास्त लोंबकळलो होतो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिचं ऐकलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच नाही सांगितलं.

हे एवढंच असतं तरी मी कधीच सांगून टाकलं असतं. गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. तुम्ही मागे सामान ठेवत होता. तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “सांगितलंत?” आणि मी होकारार्थी मान हलवली.

तिला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय आणि तरीही तुम्ही तिला नेताय. ती तुमच्याशी बोलली नाही ती त्यामुळे. मी तीनदा भेटायला आलो तेव्हाही तिने मला काही विचारलं नाही. माझ्यावर तिचा राग नव्हताच. तिच्या लेखी मी शब्द पाळला होता. मला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मी तिला संत्र्याच्या फोडी सोलून देत होतो.

तुमच्या सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. आज सकाळी सांगितलं. त्या उठून आत गेल्या, अजून बाहेर आलेल्या नाहीत.

तुमचे,
बाबा

१० डिसेंबर

प्रिय जावईबापू,

परवा तुम्ही न कळवता आलात. उत्तर आलं नव्हतं, त्यामुळे तुम्ही दारात काठी घेऊन उभे असलेले बघून मी नुसता बाजूला झालो. “नदीवर जाऊ या,” एवढंच म्हणालात.

तिथे मी मुद्दामच तुमच्यापासून वीसेक पावलं वर बसलो. तुम्ही चांगलं रील निवडलंत. अंगठा अजून जरा जड पडतो, पण शेवटच्या तासात फ्लोट पाण्याच्याच चालीने वळणापर्यंत गेला, एकदाही अडखळला नाही. तेव्हा ‘शाबास’ ओठांवर आलं होतं, ते तिथेच ठेवलं. माझ्याकडून शाबासकी घ्यायला तुम्ही आला नव्हता.

निघताना तुम्ही एकच विचारलंत. “तिला शेवटपर्यंत तसंच वाटलं? मधे कधी तिला संशय आला नसेल?”

मी म्हटलं, “नाही. शेवटपर्यंत तसंच वाटलं.”

यावेळी तरी खरं बोलायचं ठरवून गेलो होतो. तुम्ही खाली बसलात. काठीचे तुकडे सुटे करायला गेलात, ते तुमच्याने सुटेनात. मी पुढे आलो तर हात वर करून थांबवलंत. मग म्हणालात, “मी तिच्या उशाशी बसून रोज तिला सांगायचो की तू बरी होणार. रोज. तिला ते कसं वाटलं असेल.” याचं उत्तर मी रोज शोधतो.

घरी आल्यावर तुम्ही सासूबाईंजवळ स्वयंपाकघरात बराच वेळ बसलात. जे बोललात ते त्यांनी रात्री जेवताना मला सांगितलं, माझ्याकडे न बघता. महिन्यातून एकदा तुम्ही त्यांना भेटायला येत जाल. माझ्याशी बोलणं तुम्हाला जमणार नाही, निदान इतक्यात नाही. मलाही ते रास्त वाटतं. तुम्ही हात उगारला असतात किंवा चारचौघांत बोल लावला असतात, तरी मी मान खाली घालून ऐकलं असतं. तुम्ही जाताना उन्हासाठी नदीवर नेलेली माझी छत्री दारात नीट टेकवून ठेवलीत, ते जास्त लागलं.

त्यांनीही महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलंय. मीठ हवंय का, दार लावलं का. काल पहिल्यांदा त्यांनी विचारलं, ती त्या दिवशी नदीवर आणखी काय बोलली. मी आठवेल ते सगळं सांगितलं. एका मोठ्या माशाने तंगूस तोडलं तेव्हा ती हसली होती, आणि हसताना टाके दुखतात म्हणून पोट धरून बसली होती. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि भांडी घासत राहिल्या.

तुम्ही यायच्या दिवशी मी सकाळीच बाहेर पडेन, संध्याकाळपर्यंत परतणार नाही. तुम्ही अवघडू नका. त्यांच्यासाठी येत राहा, त्यांना आता तुमच्याशिवाय दुसरं मूल नाही.

तुमच्याकडून पत्राची वाट बघणार नाही असं लिहिणार होतो. पण पुन्हा खोटं नको. बघेन.

माफी मागण्याचा हक्क मी त्या गाडीच्या काचेपाशीच गमावला, म्हणून मागत नाही. आशीर्वाद मात्र माझ्याजवळ आहेत ते देतो. घ्यायचे की नाहीत ते तुम्ही ठरवा.

तुम्ही मला ‘बाबा’ नाही म्हणालात तरी चालेल.

सुतळीचा बाप