अकरा पानांचं भाषण

३ मार्च, सोमवार.
आज सकाळी प्रार्थना झाल्यावर परवाच्या भाषणाचा हिशेब मांडला. मंत्रीसाहेबांना मी अकरा पानं लिहून दिली होती. खोत्ल्यात, भर गावसभेत, त्यांनी वाचली चार. सात गेली कुठे? आमच्या गावशाळेचे गुरुजी सांगायचे, खोत्ल्यातले सगळेच शब्द सुंदर असतात. मग कापायचे कोणते?
कुणावर आळ घेत नाही. पण पक्की प्रत शेजारच्या टेबलावरच्या बाई, म्मा ओतेंग, टाइप करतात.

४ मार्च.
म्मा ओतेंगनी चहाबरोबर त्यांच्या डब्यातला वडा दिला. काही कारण नसताना. म्हणाल्या, "घ्या, रा केलापिले. रिकाम्या पोटी माणूस फार लांब लिहितो."
सावध राहायचं. (वडा चांगला होता.)

६ मार्च, दुपार.
सापळा ठरला. त्यांना द्यायच्या प्रतीत गावप्रमुखाच्या आधी कौन्सिलरला नमस्कार. खरी प्रत मी स्वतः मंत्र्यांच्या फाइलमध्ये ठेवणार. चुकीची वाचली गेली, तर फाइलला हात कुणाचा लागला हे उघड. हा संशय नव्हे, सत्यशोधन.

७ मार्च, सकाळी ९.
दोन्ही प्रती टेबलावर ठेवून डोळे मिटले. म्मा ओतेंगना सद्बुद्धी मागितली. एक प्रत त्यांच्या ट्रेमध्ये, एक फाइलमध्ये.

८ मार्च, शनिवार.
म्मा ओतेंग सापडल्या. साहेबांनी आधी कौन्सिलरला नमस्कार केला. एक म्हातारी उठून म्हणाली, "साहेब, आमचा गावप्रमुख बदलला कधी? आम्हाला कुणी कळवलं नाही." शेवटी साहेबांनी "पूला!" असा पावसाचा जयघोष केला, तर उत्तराला एकटा आमचा ड्रायव्हर.
वाईट वाटलं. पण सत्य ते सत्य.

१० मार्च.
संचालकांनी विचारलं, चूक कुणाची? मी नाव घेतलं नाही. फक्त त्या टेबलाकडे पाहिलं. म्मा ओतेंगची बदली वाळवंटातल्या शाखेत. त्यांची आई घरी अंथरुणाला खिळलेली आहे म्हणे.

११ मार्च.
पुरावा म्हणून त्यांच्या ट्रेमधली प्रत काढली. तिच्यात गावप्रमुखच आधी. त्यांनी दुरुस्त केली असणार.
कोपऱ्यावर माझी पेन्सिलची खूण आहे. ती मी फक्त खऱ्या प्रतीवर केली होती.

१२ मार्च.
संचालकांना सांगणारच होतो. ते मीटिंगमध्ये होते.

१३ मार्च.
मीटिंग नव्हती. पण त्यांचा चेहरा बरा दिसला नाही. सहज विचारलं, भाषणं कापतं कोण? म्हणाले, "साहेब स्वतः. ओतेंग उलट दर वेळी तुमची एखादी म्हण विनंती करून परत घालून घेते. तुम्हाला माहीत नाही?"
माहीत असल्यासारखी मान हलवली.

१४ मार्च.
कबुलीजबाब लिहायला घेतला. प्रस्तावनाच तीन पानं झाली. सोमवारी नक्की.

१७ मार्च, सोमवार.
पानं घेऊन गेलो. म्मा ओतेंग खोक्यात सामान भरत होत्या. "म्मा, चूक माझी होती," म्हणालो. पुढचं वाचायला पानं उघडली, तर त्यांनी हात वर केला. "पुरे, रा केलापिले. झालं की."
मग संचालकांकडे जाऊन तेवढंच बोललो. लेखी द्या, म्हणाले. वाळवंटात भाषणं नसतात, पाणी बंदच्या नोटिसा असतात, हेही सांगितलं. उभ्या उभ्या एक ओळ लिहिली, खाली म्मा ओतेंगच्या जागी माझ्याच बदलीचा अर्ज, आणि सही करून दिली.