पाटी त्यांची, बटण आईंचं

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (माझ्या गुडघ्यांमुळे तो सध्या कागदावरच घालते आहे, पोचला असं समजावं.)

"ताई, पाटी त्यांची लावलीस, तर दुकानात कुणी बसायचं हेही एक दिवस तेच ठरवतील." कंपनीच्या नावाने काढलेल्या आमच्या लाँड्रीच्या उद्घाटनाला तुम्ही हे म्हणाला होतात. फीत कापायची कात्री तुमच्या हातात होती, कंपनीचा माणूस शेजारी दात दाखवत उभा होता आणि फोटोग्राफर "जरा हसा की" म्हणून ओरडत होता. तुम्ही हसला नाहीत. हे ऐकल्यावर आईही हसल्या नाहीत. त्या फोटोत आनंदी असा एकटा कंपनीचाच माणूस दिसतो (आणि करारातल्या अटीप्रमाणे तो फोटो आम्हाला काउंटरमागे टांगून ठेवावा लागतो). तेव्हापासून तुम्ही दोघं बहीणभाऊ फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलता. तुमच्या त्या परक्या देशातला वारा, उकाडा, धुकं मला तोंडपाठ आहे. तुमची साखर किती आहे हे मात्र कुणी विचारत नाही नि कुणी सांगत नाही. तेव्हा आधी प्रकृती कळवावी. एकट्या माणसाने जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात, एवढं भाचेसुनेच्या अधिकारात सांगते. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य पत्राच्या शिरस्त्याचं आहे. खरं काय ते पुढे.)

निरनिराळ्या देशांतल्या फ्रँचायझीच्या कायद्यांवरचा तुमचा ग्रंथ मिळाला. पोस्टमनने तो इस्त्रीच्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कण्हलं. तुमच्या भाच्याने तो पँटच्या घडीवर वजन म्हणून ठेवला असं कुणी तुम्हाला सांगितलं तर मनावर घेऊ नका. एकदाच ठेवला, आणि ती घडी फार सुरेख बसली. पण आम्ही तो वाचलाही, मामा. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी मोठ्याने वाचायचे आणि आई काउंटरशेजारी आपल्या उंच स्टुलावर बसून, धुवायला आलेल्या शर्टांची तुटकी बटणं लावत ऐकायच्या. (बटणं लावणं आमच्या दरपत्रकात नाही. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. आईंना तुटक्या बटणाचा शर्ट परत देणं म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धवट न्हाऊ घालून घरी पाठवल्यासारखं वाटतं.)

तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला कुठेच कायदा नव्हता. कंपनी नाव द्यायची, रंग द्यायची, आणि आपण नेमकं काय घेतलंय हे दुकानदाराला घेतल्यावर कळायचं. मग एका देशाला जाग आली आणि तिथे ठरलं, की सहीच्या आधीच कंपनीने आपली सगळी अंडीपिल्ली दुकानदारापुढे मांडावीत. दुसऱ्या देशाने सही झाल्यावरही थोडे दिवस मन बदलायची मुभा दिली. तिसऱ्याने तर दोघांनी एकमेकांशी सचोटीने वागायचं, असं कायद्यातच लिहून टाकलं. आणि आमच्यासारख्या ठिकाणी अजून वेगळा कायदाच नाही. सज्ञान आहात ना, वाचून सही केलीत ना, मग निस्तरा. मी इथवर आले तेव्हा आईंनी सुई थांबवली नि म्हणाल्या, "अगं, हा तर लग्नाचंच लिहितोय! दुसऱ्याचं नाव लावायचं, दुसऱ्याच्या रीतीने घर चालवायचं आणि वर कुणी तपासायला आलं की हसायचं." मन बदलायच्या मुभेचं ते पान त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग दातांनी दोरा तोडला. (मी सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नसावं.)

त्या रात्री कपडे आवरताना माझ्या मनात आलं, मी या घरात कुठल्या कायद्याखाली आले? नियमावली आईंचीही होती. टॉवेलची घडी तीन पदरी, कड आतल्या बाजूला. माझ्या माहेरी चार पदरी, कड बाहेर. पहिल्याच आठवड्यात मी सगळं कपाट माझ्या पद्धतीने लावून बसले. आईंनी कपाट उघडलं, पाहिलं, बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच चार पदरी घालायला लागल्या. सचोटी म्हणजे काय यावर तुमच्या ग्रंथात मोठं प्रकरण आहे, मामा, पण मला ती टॉवेलच्या कपाटात कळली होती, म्हणून ते प्रकरण मी जरा भरभर उलटलं. राग नसावा.

आता मूळ गोष्ट. आमची कंपनी अधूनमधून एक खोटं गिऱ्हाईक पाठवते. ते साध्या माणसासारखं कपडे घेऊन येतं, सगळं बघून जातं आणि मागाहून अहवाल धाडतं. यंदा कराराची मुदत संपत आलेली, त्यामुळे तुमच्या भाच्याची झोप उडाली होती. आईंनी मात्र छातीठोकपणे सांगितलं, की खोटं गिऱ्हाईक ओळखणं सोपं असतं. ते फार सभ्य असतं. खऱ्या गिऱ्हाइकाला नेहमी घाई असते.

आणि खरंच, सोमवारी एक अतिसभ्य गृहस्थ आले. दारात बूट पुसले, नमस्कार केला, वर "आपल्याला त्रास देतो, क्षमा करा," असंही म्हणाले. आईंनी मला कोपराने ढोसलं. मग आम्ही तिघांनी त्यांना घेरलं. तुमच्या भाच्याने नियमावलीतलं स्वागताचं वाक्य म्हटलं, मी नियमावलीतलं हसू हसले (वरचे दात दिसले पाहिजेत, खालचे नाही), आणि आईंनी 'खास ताजेपणा सेवा' हवी का असं तीनदा विचारलं. ते मागे सरकत होते, आम्ही पुढे सरकत होतो. त्यांना फक्त शेजारच्या दंतवैद्याकडे जायचा जिना विचारायचा होता. शेवटी भिडेपोटी अंगातलं स्वेटर काढून धुवायला देऊन गेले. दाढदुखी, थंडी आणि वर आम्ही! स्वेटर मी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिलं. गाल सुजलेला होता, तरी तेच आभार मानत होते.

ते बाहेर पडतात न पडतात तोच एक मुलगी घामाघूम होऊन आत आली. नव्या बुटांनी टाच सोललेली, कपाळाला आठ्या, आणि सदऱ्याचं बटण एका दोऱ्यावर लोंबतंय. "लवकर बघा हो, मला अजून चार ठिकाणी जायचंय," म्हणाली. झालं! खरं गिऱ्हाईक. आईंनी तिला हाताला धरून काउंटरच्या आत घेतलं (नियमभंग), आपल्या स्टुलावर बसवलं (नियमभंग), सुई काढली (धारदार वस्तू, मोठा नियमभंग) आणि म्हणाल्या, "हलू नकोस बाळा, अंगावरच टाका घालते." टाका घालता घालता, ही ताजेपणा सेवा काय असते असं तिने विचारलं. आईंनी आवाज खाली आणून सांगितलं, "काही नाही गं, नुसता वास असतो. तुला कशाला हवी?" मामा, तुमच्या त्या पहिल्या देशात याला कायद्याने सक्तीची माहिती म्हणत असतील. आमच्या करारात याला कंपनीची बदनामी म्हणतात. मी टाचेला लावायला पट्टी दिली. जाताना ती आईंकडे वळून वळून बघत होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

अहवाल आला. त्या मुलीबद्दल माझ्या मनात काही नाही. तिने जे झालं तेच लिहिलं, ते तिचं कामच आहे. अगदी खाली, इतर शेरा लिहायच्या जागेत, तिने एवढंच घातलं होतं: "बटण अजून घट्ट आहे." पण कंपनीत इतर शेरा कुणी वाचत नसावं. वरून हुकूम आला, की काउंटरवर वृद्ध व्यक्ती बसवू नये, नाहीतर कराराचं नूतनीकरण होणार नाही. म्हणजे तुमचं वाक्य शब्दशः. तुमच्या भाच्याने तो कागद इतका वेळ वाचला, की तेवढ्यात माझ्या हाताखालचा उशीचा अभ्रा करपला.

आईंनी स्टूल उचललं, बटणांचा डबा घेतला नि वर घरी गेल्या. "बरं झालं, आराम मिळाला," असं म्हणतात आणि वर बसून इस्त्री केलेल्या उशांच्या अभ्र्यांना परत इस्त्री करतात. खाली गिऱ्हाइकं कपडे देतात आणि नजर स्टुलाच्या जागी टाकून उभी राहतात. दुकान इतकं नियमाप्रमाणे चाललंय, की मला तिथे रडू येतं.

म्हणून विनंती. तुम्ही तिकडे फ्रँचायझीचा कायदा करणाऱ्या समितीवर आहात. त्या मसुद्यात एक छोटं कलम घालता येईल का, की फुकट बटण लावणाऱ्या माणसाला कुठल्याही कंपनीला उठवता येणार नाही? बाकी भाषा तुम्ही तुमच्या पद्धतीने अवघड करावी.

प्रकृतीला जपा. उत्तराची वाट बघते.

आपली,
भाचेसून

ता. क. : कलमाचं राहू द्या. तुमचा भाचा म्हणतो की तुमच्याकडचा कायदा आमच्याकडे लागूच होत नाही, आणि असं विचारल्याने तुम्हाला माझ्या शिक्षणाबद्दल शंका येईल.

आणखी एक ता. क. : खरी अडचण लिहितेच. तुमचा भाचा पाटी उतरवायला तयार आहे. यंत्रं आमची, जागा आमची, गिऱ्हाइकं आईंची. नुसतं 'लाँड्री' लिहिलं तरी चालेल. पण आई नको म्हणतात. काल मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, "पाटी उतरली की तो म्हणणार, बघ ताई, मी सांगितलं होतं. त्यापेक्षा मी वर बसलेली बरी." मामा, त्या वर बसल्यात त्या कंपनीमुळे नाही. तुमच्याकडे इतकी वर्षं तयार असलेल्या त्या एका वाक्यामुळे बसल्यात.

शेवटचं ता. क. : समितीचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. आईंनी तो भिंग लावून पाहिला. कायद्याबद्दल काही बोलल्या नाहीत. "याच्या कोटाचं मधलं बटण कुठेय? याला सांगणारं कुणी नाही का?" म्हणाल्या, आणि डब्यात त्या रंगाचं बटण शोधून ते वेगळं काढून ठेवलंय. तेव्हा महिनाअखेरीला, कराराची मुदत संपायच्या आत, तो कोट घालून या. सभा असेल, उकाडा असेल, प्रवास झेपत नसेल. तुमची कारणं मला सगळी पाठ आहेत, आणि तुम्ही नाहीच म्हणाल हेही ठाऊक आहे. पण आलात, तर स्टुलासमोर उभं राहून कोट पुढे करा, आणि तुमचं सगळं खरं ठरलेलं असताना ते एक वाक्य तेवढं म्हणू नका.