व्हरांडा परत मिळाला

टोलेडो, ओहायो
एप्रिल १९७९

प्रिय ओडेसा,

माझ्या स्टॅनच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या मागच्या दाराशी भांडं ठेवून तू निघून गेलीस, हे मला तेव्हाच कळलं. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला सगळ्याच बायका घरून पदार्थ आणतात, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहितात, पण तुझ्या मॅकरोनीच्या भांड्याखाली नाव होतं माझं. तू वरच्या मजल्यावर राहायला आलीस, तेव्हा मी त्यातूनच बटाटे पाठवले होते. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे पाळलंस. पण आत का आली नाहीस गं?

हॅलोरन इमारतीचा मालक, मी त्याची देखरेखवाली. फोनवर म्हणाला होता, "त्या काळ्या बाईला सांग, घर भाड्यानं गेलं म्हणून." मी फोन ठेवला आणि घर रिकामंच आहे, असं तुला सांगून टाकलं. तरी त्यानं नकार दिला आणि तू दावा लावलास, तेव्हा कोर्टातही मी खरं तेच सांगितलं. साक्षीच्या आदल्या दिवशी स्टॅन चिडवत होता, "बर्नी, खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. उगाच कशाला शोभा करून घेतेस?" तुला घर मिळालं, आणि हॅलोरननं माझं काम काढून घेतलं, कामाबरोबर आमचं व्हरांड्याचं खालचं घरही.

मग लेकीच्या घराचं तळघर. स्टॅनच्या नाकात ऑक्सिजनची नळी, आणि तोंडात एकच, माझा व्हरांडा. येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही, तुला ठाऊकच आहे. तळघराच्या खिडकीतून रस्त्यावरचे नुसते पाय दिसायचे. "पायांशी काय बोलू, बर्नी?" म्हणायचा. जिन्याखाली जाऊन मी फार रडले गं.

आपल्या वकीलबाई, मिस प्रुइट, माझा दावाही जिंकल्या. दुसऱ्याच्या घराच्या हक्कासाठी जो उभा राहतो, त्याच्यावर सूड उगवायलाही कायद्यानं मनाई आहे, असं न्यायाधीशांनी हॅलोरनला ठणकावलं. काम आणि घर, दोन्ही परत. पण स्टॅनच्या थडग्यावरची माती तेव्हा अजून ओली होती. मला आनंद झालाच नाही.

तू घर सोडायची नोटीस दिलीस, हे मिस प्रुइटनीच मला सांगितलं. बर्निसला कुठल्या तोंडानं भेटू, म्हणालीस म्हणे. म्हणून हे पत्र. अगं, तू गेलीस तर हॅलोरनच्या मनासारखंच झालं, आणि माझ्या स्टॅनचा व्हरांडा गेला तो फुकटच. नोटीस मागे घे. मी शनिवारी परत राहायला येतेय, ते भांडं भरून आणतेय. त्या व्हरांड्यात एकटीनं बसायचं बळ माझ्यात नाही. तू खाली ये.

तुझीच,
बर्निस