आडनाव आधी सांगायचं

आई, कर्वेनगरातल्या त्या घराविषयी आपण पुन्हा कधी बोललोच नाही. तुला जाऊन आता बारा वर्षं झाली. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, तरी आज लिहिते.

मला कॉम्प्युटर कंपनीत लागून दोन महिने झाले होते. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून जावं लागे, म्हणून आपण माझ्यासाठी ऑफिसच्या बाजूला घर बघत होतो. तू शाळेतून परस्पर आलीस, बोटांना खडू तसाच. घरमालकीणबाईंनी चहा दिला, गॅलरी दाखवली. "मुलगी इंजिनियर, आई शिक्षिका. अहो, अशीच माणसं हवीत आम्हाला." मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. बाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं. "अगंबाई, हे घर माझ्या भाच्याला द्यायचं ठरलंय. विसरलेच बघा." तू कप खाली ठेवलास, "भाच्यालाही चहा असाच गोड द्या," म्हणालीस आणि उठलीस.

मी दोन दिवस धड जेवले नाही. आपल्या वस्तीत सगळी आपलीच माणसं, कॉलेजातही तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. असलं सगळं तुझ्या लहानपणीच संपलं, अशी माझी समजूत. आणि दुसऱ्या संध्याकाळी तू ओट्याशी रोजच्यासारखी भाकऱ्या थापते आहेस. मी ओरडले, "तुला काहीच कसं वाटत नाही?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "मला शाळेत वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तुला हे पहिल्यांदाच होतंय, म्हणून जास्त लागलंय. रविवारी पुन्हा जाऊ. कर्वेनगरात घरं पुष्कळ आहेत."

त्या रविवारी तू काय केलंस! दार उघडलं की बाहेरूनच आधी आपलं आडनाव खणखणीत सांगायचं, आणि मग, "आता घर दाखवता का?" मी मागे मान खाली घालून उभी. चार दारं गेली. पाचव्या दारात एका आजोबांनी चष्मा वर केला. "आडनाव घेऊन मी काय करू? राहणार किती जण, ते सांगा." खोली फारच लहान निघाली, पण परतताना बसमध्ये तू हसत होतीस. मला वाटलं, सोसून सोसून हिचं मन निबर झालंय.

तू गेल्यावर तुझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई भेटायला आल्या. त्यांनी सांगितलं, त्या घराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू पहिला तास घेऊ शकली नाहीस. मुलं मैदानावर पाठवलीस आणि रिकाम्या वर्गात बसून रडलीस. त्यांना म्हणालीस, "ती ओंजळ आठवली हो. माझ्या लेकीपर्यंत हे येणार नाही असं वाटलं होतं." म्हणजे आधी सोसलेलं तुझ्या कामी आलंच नव्हतं, उलट तुला त्या दिवसाचंही लागलं आणि मागचंही. त्याच संध्याकाळी तू भाकऱ्या थापत होतीस, आणि मी तुझ्यावर ओरडले. एवढं बळ मी पुढे कुणातच पाहिलं नाही.

मला घर मिळालं तेव्हा "मालकांनी आडनाव विचारलंच नाही," असं मी तुला सांगितलं. तू शाळेत पेढे वाटलेस, "माणसं बदलतायत," म्हणालीस. आई, ते घर मी मैत्रिणीच्या आडनावावर घेतलं होतं. दारावर पाटी तिचीच होती. तू येणार असलीस की मी ती काढून ठेवायचे.