भाऊजींना घरी पाठवायचं इंग्रजी

नुर्मेस, फेब्रुवारी

प्रिय रायलीताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? कुओपिओतही आमच्याइतकाच बर्फ पडला असेल, तेव्हा वाळू टाकल्याशिवाय पायऱ्या उतरू नकोस. माझं उत्तम चाललंय. (उत्तम म्हणजे कंबर धरली आहे, गाडी सुरू होत नाही आणि घरात तुझा नवरा आहे.) फोनवर त्यांचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्र रागाने भिरकावलं तरी मागाहून उचलून वाचता येतं.

तर डेस्मंडभाऊजी. नाताळानंतर दोन दिवसांसाठी म्हणून आले, ते अजून इथेच आहेत. माणूस गरीब आहे, माझी तक्रार नाही, पण बोलतात किती गं! सकाळी कॉफी ओतली की सुरू. मला इंग्रजी येत नाही आणि त्यांना इतकी वर्षं इथे काढून फिनिश येत नाही (तो दोष तुझा, दुकानात, बँकेत, अगदी दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा त्यांच्या वतीने तूच बोलत आलीस). मला एकच शब्द कळायचा, सॉरी. मला सॉरी, मांजराला सॉरी, खांदा लागला तर दारालाही सॉरी. मी पडलो एकटा राहणारा माणूस, मला आठवड्याला चार वाक्यं पुरतात. शेवटी ठरवलं, ‘आता घरी जा’ एवढं म्हणण्यापुरतं इंग्रजी शिकायचं. शाळेत दर मंगळवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो, तिथे नाव घातलं.

शिकवणारी बाई म्हणजे पोस्टातल्या एर्कीची मुलगी, अनुक्का. तिचं म्हणणं, व्याकरण पुरे झालं, आता तोंड उघडा. म्हणून ती आम्हाला सोंगं वाटते. कुणी डॉक्टर, कुणी रोगी, कुणी विमानतळावरची बाई. माझा जोडीदार दुधाचा टँकर चालवणारा हेइमो. पहिल्या दिवशी मी वेटर आणि तो गिऱ्हाईक. सूप गार आहे अशी त्याने तक्रार करायची. हेइमोने ते नसलेलं सूप मुकाट्याने संपवलं. अनुक्का म्हणाली, “अहो, तक्रार करा ना!” तर म्हणतो, “कशाला? बोलेपर्यंत आणखी गार होईल.” (मला पटलं. नापास दोघंही झालो.)

मग मी बाईला माझी खरी अडचण सांगितली. ती म्हणाली, ‘घरी जा’ असं इंग्रजीत म्हणत नाहीत, ‘तुम्हाला घरी जायला आवडेल का?’ असं गोडीत विचारायचं. समोरचा समजून उठतो आणि कोट घालतो. हेइमो पाहुणा झाला. मी विचारलं, तो उठला, कोट घातला आणि खरोखरच घरी निघून गेला. (वर्ग संपतच आला होता म्हणा.) मी खूश! दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओतली आणि भाऊजींना अगदी पाठ केल्याप्रमाणे विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “हो. फार.” आणि रडायला लागले. ताई, याच्या पुढचं वाक्य मला शिकवलंच नव्हतं. मी वेलचीचा पाव त्यांच्यापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढच्या वर्गाला त्यांना सोबत नेलं. खराखुरा इंग्रज मिळाला म्हणून अनुक्का हरखली आणि तिने त्यांना हॉटेलचा मॅनेजर केलं. हेइमोने धीर करून टॉवेल ओला असल्याची तक्रार केली. भाऊजींनी इतक्या वेळा सॉरी म्हटलं की हेइमो घाबरून माझ्या कानात म्हणाला, “अरे, यांनी त्या टॉवेलाचं केलं तरी काय?” तेव्हा मला तुमच्या भांडणाच्या रात्रीचा तुझा फोन आठवला. तू मला हेच ओरडून सांगत होतीस, की त्यांच्या सॉरीला काय अर्थ, ते तर खुर्चीलाही सॉरी म्हणतात! मग मी सगळ्या वर्गाला सगळं सांगून टाकलं. (आईच्या हातमागाच्या दांड्या भाऊजींनी सरपण समजून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या चुलीत घातल्या, हे आता अख्ख्या नुर्मेसला ठाऊक आहे. रागावू नकोस. आई माझीही होती.)

अनुक्काने लगेच सोंगं फिरवली. भाऊजींनी फिनिशमध्ये बोलायचं, सॉरी शब्दाला बंदी, आणि मी व्हायचं तू. डोक्याला रुमाल, कमरेवर हात. (हेइमो म्हणाला, नाक तर तेच आहे.) भाऊजी दारात उभे राहिले आणि त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, “मी आई जाळला.” हेइमोने टोपी काढली. ते वाक्य सरळ करण्यात बरेच मंगळवार गेले. घरी तर आमची तालीम मांजरापुढेही व्हायची. गेल्या मंगळवारी ते पहिल्यांदा न अडखळता सगळं बोलले. काय बोलले ते मी लिहिणार नाही, ते त्यांनीच सांगायचं. ठरल्याप्रमाणे मी त्यांच्या तोंडावर दार लावायचं होतं. नाही लावता आलं गं. अनुक्का म्हणाली, “नीट करा ना, ताई इतक्यात विरघळणार आहेत का?” मी म्हटलं, “तू माझ्या बहिणीला ओळखत नाहीस.” आणि रुमाल काढून नाक पुसलं.

असो. तब्येतीला जप. हेइमोचा नमस्कार.

तुझा,
ताइस्तो

ता. क. मी त्यांना घालवून देतोय असं अजिबात समजू नकोस. घर फार शांत होणार आहे. हे मी लिहिलं असं कुणाला सांगू नकोस.

आणखी ता. क. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्याने ते दाराच्या फटीतून आत सरकवलं, तो माणूस अजून बाहेरच उभा आहे. तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर बेल वाजवायची नाही, असं मी बजावलंय. आणि तू वाचतेस सावकाश. बाहेर उणे वीस आहे. पाठ केलेलं विसरले, तर जरा वेळ दे त्यांना. दार उघड, ताई.