वीज माणसातून जाते का?

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. नव्या ऑफिसात रुळलीस हे वाचून बरं वाटलं. बिट्टीची काळजी करू नकोस. वेळेवर जेवते, फक्त केस विंचरताना घर डोक्यावर घेते. दिव्याच्या बटणाला मात्र अजून हात लावत नाही. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीच्या दारात उभी राहते, कोणीतरी येईपर्यंत. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

या आठवड्यात शाळेत बिट्टीच्याच दुसरीच्या वर्गाला वीज शिकवायची होती. खरं सांगते, मीच टाळत होते. लाईनमनची बहीण मी, पण दादा गेल्यापासून तो शब्द तोंडातून निघत नाही. शेवटी प्रत्येक गटाला टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि दोन वायरी दिल्या आणि म्हटलं, पेटवा बघू. उत्तर सांगितलं नाही. अर्धा तास नुसता गोंधळ. सेलच्या एकाच टोकाला दोन्ही वायरी लावून मुलं बल्बवर रुसत होती. बिट्टी हात मागे बांधून बघत होती. मग तीच हळूच म्हणाली, की दुसरी वायर सेलच्या खालच्या टोकाला परत यायला हवी. आणि पहिला बल्ब तिने स्वतःच्या हाताने पेटवला, वहिनी.

पुढे मुलांनी मध्ये किल्ली धरून पाहिली, खोडरबर, चमचा, दोरा. कशातून जाते, कशातून नाही, ते फळ्यावर लिहिलं. घरच्या प्लगला असलं काही करायचं नाही, हे मी तीनदा बजावलं. सुट्टीत सगळे पळाले, बिट्टी बाकावरच राहिली. म्हणाली, "आत्या, माणसातून जाते का?" मी जाते म्हटलं. खोटं बोलवेना. तिने आपला तळहात उघडून बघितला. "बाबांचा हात इथे काळा झाला होता. शिडीवरून पडल्यावर हात काळा होत नाही."

शिडीची गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून रचली होती. वर्षभर ती आपल्याकडून ऐकून घेत होती. मी तिला जवळ घेतलं आणि घडलं ते सांगितलं. दादा खांबावर असतानाच कोणीतरी लाईन चालू केली, तेही. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "आईला सांगू नकोस. तिला वाटतं, मला माहीत नाही."

सांगणार नाही असा मी शब्द दिला, आणि तो मोडायलाच हे पत्र लिहिते आहे. सात वर्षांची पोर तुला सांभाळते आहे, वहिनी. रविवारी ये. मी घरात थांबणार नाही. तुम्ही दोघीच बोला.

तुझीच,
बिट्टीची आत्या