शुक्रवारपर्यंतचं पाणी

अल मजाज, शारजा
५ ऑक्टोबर २०२४

ती. कुंदाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तू तयार नाहीस, म्हणून हे पत्र. कित्येक वर्षांनी पेन धरलंय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

आप्पांचा तो फोटो आठवतो? निळ्या गेटसमोर, हातात वांगी, मिशीखाली हसू. ते गेट सापडलं! धैदच्या रस्त्याला एका अरबाचं जुनं शेत आहे. त्याचे तुकडे पाडून तो फॅमिलींना भाजी लावायला भाड्याने देतो. ऑफिसातल्या मुनिबाने जाहिरात दाखवली, तर तिच्यातल्या फोटोत गेटवर आप्पांनी वेल्ड केलेला सूर्य. सुट्टीत घरी आले की त्या सूर्याचं किती कौतुक सांगायचे! कोपऱ्यातला तुकडा सात वर्षं पडीक आहे, कुणी घेत नाही. मी घेतला. राखणदार खैरुद्दीन म्हणून राजापूरकडचे आहेत, साठीचे. त्यांनी दोनदा सुचवलं की बाई, शेजारचा घ्या, इथे काही होणार नाही. 

काल शुक्रवारी साफसफाई काढली. काटेरी झुडपं, प्लास्टिक, गंजलेल्या नळ्या. तुझ्या जावयाचे, वेदांगचे, मॉलमधले हातमोजे अर्ध्या तासात खलास. तुझ्या नातीने, ऊर्वीने, इंग्रजीत जाहीर केलं की हे फार्म नाही, ही नुसती घाण आहे. आणि मग झुडपांखाली मडकी सापडली. सहा. गळ्यापर्यंत पुरलेली, तोंडावर फरशीचा तुकडा, वर एक गोटा. आपल्या परसात वांग्यांच्या मध्ये तू पुरतेस तशीच. म्हणजे हा आप्पांचाच तुकडा.

मी फरशी उचलली. आत्या, मडकं काठोकाठ भरलेलं होतं. सहाही. महिनोन्‌महिने पाऊस नाही, सगळी जमीन हाडासारखी वाळलेली, आणि प्रत्येक मडक्याभोवती हिरव्या गवताचं कडं. पीक एकही नाही. पाणी गार होतं. मला हात काढवेना.

लोभ आहेच, पण उत्तर लवकर धाड.
तुझी संजना


वाघजाईवाडी, ता. माण
१९ ऑक्टोबर २०२४

चि. संजनास,
अनेक आशीर्वाद.

आमच्या पोस्टमास्तरने शारजाचा शिक्का सगळ्या आळीला दाखवून मगच पत्र दिलं. अक्षर वेदांगच्या हातमोज्यांइतकंच टिकाऊ आहे.

आधी जमिनीचं. वाळूत बी टाकून उपयोग नाही. चांगलं कुजलेलं शेणखत मिळव, उंटाचं असलं तरी चालेल. पांढरा क्षार वर आलेला असेल तर तो थर खरवडून टाक. मडकी उपटू नकोस. मडक्यापासून वीतभर अंतरावर चहूबाजूंनी बी लाव, मुळं आपणहून ओल शोधत येतात. येणाऱ्या माणसाबरोबर घरचं वांग्याचं आणि घेवड्याचं बी पाठवते आहे.

आता पाण्याचं. चाळीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर आणि गावोगावच्या पारावर उभी राहून घसा फोडून सांगत आले की मेलेला माणूस परत येत नाही, परत येतं ते आपलंच भय. अंगात येणाऱ्या बायांना मी भर जत्रेत प्रश्न विचारले आहेत. आणि माझ्याच भावाची पोर मडक्यात हात घालून बसते? पाणी भरणाऱ्याला दोन हात असतात. ते हात शोध. भूत शोधू नकोस.

तुझ्या आईला, रंभाला, यातलं काही बोलू नकोस. ती आत्ता कुठे रात्रीची झोपायला लागली आहे.

तब्येतीला जप, आणि म्हातारीवर राग धरू नये.
तुझी आत्या


शारजा
२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बी पोचलं. खतही आणलं, वेदांगच्या गाडीला अजून वास येतोय.

पण ऐक. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम सहाही मडकी मगने उपसून कोरडी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर भरलेली, गोटे जागच्या जागी. मातीत चपलेचे ठसे. खैरुद्दीनना विचारलं, तर त्यांनी मान खाली घातली आणि इन्शाल्ला यंदा थंडी चांगली पडेल म्हणाले. हे कसलं उत्तर?

आत्या, सात वर्षं जे बोलले नाही ते लिहिते. जून २०१७ मध्ये आप्पांची शवपेटी आली. तू दारात आडवी उभी राहिलीस, उघडू द्यायची नाही म्हणालीस. आईने चेहरा पाहिला नाही. मी पाहिला नाही. एका कागदावरच्या नावाला आम्ही अग्नी दिला. इथे आल्यावर कळतंय, एकेका खोलीत बारा-बारा माणसं राहतात, नावं सारखी, कागद कुणाचे कुणाकडे. चूक होत नसेल? गर्दीत प्रत्येक पांढऱ्या मिशीमागे मी चालत जाते. आणि आता ही मडकी, त्यांच्याच हाताची वाटणारी.

आई अजूनही कुंकवाची डबी कपाटात ठेवून आहे, तुला माहीत नसेल. तिला हे कळायला हवं. रविवारी १७ तारखेला मी तिला फोन करणार आहे. अडवू नकोस. एकदा अडवलंस तेवढं पुरे.

लोभ आहे की नाही, आज सांगता येत नाही.
संजना


वाघजाईवाडी
१४ नोव्हेंबर २०२४

चि. संजना,
आशीर्वाद.

या पत्राचा फोटो पोस्टमास्तरच स्वतःच्या मोबाइलवरून पाठवतो आहे. पोस्टाची अब्रू त्यानेच वेशीला टांगली. पण रविवारच्या आत हे तुला मिळालं पाहिजे.

रंभाला फोन करू नकोस. माझा दगडू, तुझे आप्पा, गेले. मला माहीत आहे, कारण पेटी मी उघडली होती.

मुंबईहून आणताना लोणंदच्या अलीकडे, भल्या सकाळी, मी ॲम्ब्युलन्स थांबवली आणि ड्रायव्हरला झाकण काढायला लावलं. मलाही तुझ्यासारखीच शंका होती. आत एक काळवंडलेला, बिनमिशीचा माणूस होता. मिसरूड फुटल्यापासून दगडूला मिशीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. क्षणभर मी आनंदाने ओरडले, पोरी. हा माझा भाऊ नाही म्हणून ओरडले. मग डाव्या भुवईवरची खूण दिसली. लहानपणी माझ्याच गोफणीचा गोटा लागला होता तिथे. मी झाकण लावून घेतलं.

तो चेहरा तुम्हाला दाखवायचा नव्हता. पण खरं कारण वेगळं आहे. त्या आनंदाची मला लाज वाटली. दुसऱ्या कुणाच्या घरचं माणूस मेलं म्हणून मी ओरडले होते. तुमच्यासमोर झाकण पुन्हा निघालं असतं तर मला माझं तेच ओरडणं ऐकू आलं असतं. लोकांना खरं बोला म्हणून दरडावणारी मी, सात वर्षं घरात गप्प बसले. भूत नसतं असं मी म्हणते, आणि तेच घरात पाळलं.

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. फोन तेवढा करू नकोस.
कुंदा


शारजा
३० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो शुक्रवारी पंधराला दुपारी आला. वाचला आणि तशीच शेतावर गेले. संध्याकाळ होईपर्यंत बसून राहिले. मगरीबची नमाज आटोपून खैरुद्दीन दोन डबे घेऊन आले. मला पाहून दचकले. मडक्यांपाशी वाकले आणि पाणी ओतू लागले, जणू मी नाहीच.

मी सांगितलं, मी दगडूंची मुलगी. ते मातीतच बसले.

आप्पा वर्कशॉपमध्ये चक्कर येऊन पडले तेव्हा हॉस्पिटलात दोन दिवस सोबतीला खैरुद्दीनच होते. आप्पांनी एकच सांगितलं होतं, शुक्रवारी येतो, तोवर मडकी कोरडी पडू देऊ नको. ते म्हणाले, दगडूभाऊ गेले हे मला ठाऊक आहे बेटा, पण शब्द शुक्रवारपर्यंतचा होता आणि त्यानंतर इथे शुक्रवारी त्यांच्या घरचं कुणी आलंच नाही. मी चिडून विचारलं, मग सात वर्षांत एक बी का नाही टाकलं? ते गोंधळले. त्यांना पाणी घालायला सांगितलं होतं, पेरायला नाही. मी मडकी उपटून टाकेन या भीतीने ते मला दुसरा तुकडा घ्या म्हणत होते.

मी त्यांना तुझं काही सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं, शेवटी आप्पा कसे दिसत होते. म्हणाले, ओळखले नसते तुम्ही. ऑक्सिजनचा मास्क बसेना, म्हणून मिशी खैरुद्दीननी स्वतःच्या हाताने उतरवली. आप्पा चिडले होते म्हणे, घरी कळलं तर बहीण हसेल.

मी खूप रडले, आत्या. पहिल्यांदाच. आता गर्दीत कुणाच्या मागे जात नाही.

रविवारी आईला फोन केला. घाबरू नकोस, एवढंच सांगितलं की आप्पांची बाग सापडली.  ती म्हणाली, वांगी लाव, घेवडा त्यांना आवडत नव्हता. पेटीचं तू तिला सांग. तिच्यासमोर बसून, स्वतःच्या तोंडाने. तोवर माझा राग राहील.

काल शुक्रवार. प्रत्येक मडक्याभोवती वीतभर अंतर सोडून वांगी लावली. खैरुद्दीनचाचा डबे घेऊन आले, उभे राहिले. मी हात पुढे केला. त्यांनी दोन्ही डबे माझ्या हातात दिले, तळवे कुडत्याला पुसले, आणि मागे न पाहता गेटकडे चालत गेले.

आईजवळ बसलीस की मला लिही. लोभ मी राखून ठेवला आहे.
तुझी संजना